खारूच्या डोक्यातली वीज

४ मार्च

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले की आता उत्तर लिहायचीच लाज वाटते. रागावू नकोस. रोज सकाळी कागद पुढ्यात घ्यायचो, ‘आम्ही सगळे मजेत’ असं लिहायला जायचो आणि तिथेच पेन अडायचं. खोटं लिहवेना, आणि खरं लिहिलं तर ते जास्तच खरं होऊन बसेल अशी भीती. फोन करावा तर माझे कान वर्कशॉपने खाल्लेले. मी नुसता ‘काय? काय?’ करतो, मग तुझी ताई हातातून फोन काढून घेते आणि तुम्ही दोघी पडद्याच्या कापडावर घसरता. तिने तुला काही सांगितलं नाही, कारण मीच तिला शपथ घातली होती.

तर ऐक. आपल्या खारूला झटका आला. शाळेतून येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपली होती. एकदम तोंड एका बाजूला ओढलं गेलं, लाळ गळायला लागली, घशातून घरघर, आणि उजवा हात थडथड उडायला लागला. पोरं किंचाळली. बसमधल्या बाईंना वाटलं घशात काही अडकलं, म्हणून त्यांनी पाठीत धपाटे घातले. घराशी उतरवली तेव्हा पोर शुद्धीवर होती, मला बघत होती, ओळखत होती, पण जीभ हलेना. ‘आजोबा’ म्हणायला तोंड उघडायची आणि नुसता वारा बाहेर यायचा. थोड्या वेळाने बोलली. पण धाकटे, तेवढ्या वेळात मी म्हातारा होतो तो आणखी म्हातारा झालो.

पुढच्या रविवारी सकाळी जाग येता येता पुन्हा तसंच. तेव्हा मी समोर होतो.

शाळा म्हणते, आधी डॉक्टरचा कागद आणा, मग मुलीला पाठवा. त्यांचं तरी काय चुकलं? पण खारू रोज गॅलरीत उभी राहून बस जाताना बघते. आठ वर्षांची पोर, एका जागी कधी टिकली नाही म्हणून तर खारू म्हणतो आपण तिला, ती हल्ली तासन्‌तास गजाला चिकटून असते.

डॉक्टरांनी तपासणी सांगितली आहे. डोक्याला वीस-बावीस तारा लावून मेंदूतली वीज बघायची म्हणे. मी जन्मभर पंपांच्या जळालेल्या मोटारींत वायंडिंगची तांब्याची तार नव्याने भरली, ट्रान्सफॉर्मर उघडले. डोक्यात कुठली आली वीज? आत ना सेल, ना तार. मग ती बाहेरूनच सोडणार ना? एकदा माझ्या जोडीदाराचा हात चालू तारेला लागला, तो समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला होता. ते मी डोळ्यांनी बघितलंय. चिरंजीव कामावरून फोन करून म्हणतात, ‘बाबा, तसं नसतं ते.’ मग कसं असतं, ते त्यांनाही ठाऊक नाही. सूनबाईने अठरा तारखेची वेळ घेऊन टाकली आहे. तुझी ताई म्हणते, ‘आयुष्यभर लोकांच्या मोटारी जाळल्यात, आता पोरीच्या डोक्याचा फ्यूज बघायला निघालात!’

तू इतकी वर्षं मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडकांमध्ये काढलीस. तुला ‘बेडूकबाई’ हे नाव मीच ठेवलं होतं, आणि आता त्या बेडूकबाईशिवाय मला विचारायला माणूस नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा सातवीतल्या माणसाला कळेल असं लिही. त्या तारा वीज देतात की घेतात? मला खरं तेच सांग, गोड नको.

तुझे भावोजी


१० मार्च

प्रिय भावोजी,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचून आधी ताईवर चिडले, मग तुमच्यावर, मग दोघांवरही माया आली. शपथा कसल्या घालता? मी काय परकी आहे?

आधी तुमचं उत्तर. त्या तारा घेतात. देत नाहीत. एक कणसुद्धा देत नाहीत. तुम्ही मोटारीला मीटर लावता तेव्हा मीटर मोटार चालवतो का? तो नुसता वाचतो. तसंच हे.

‘डोक्यात कुठली वीज’ हा तुमचा प्रश्न काही अडाणी नाही. मोठमोठ्या विद्वानांनी यावरून एकमेकांशी भांडणं केली आहेत. सव्वादोनशे वर्षांहून जास्त झाली, एक प्राध्यापक बेडकाचे पाय सोलून टेबलावर ठेवायचे. शेजारी ठिणग्या पाडायचं यंत्र होतं. त्यांच्या मदतनिसाची सुरी बेडकाच्या नसेला टेकली आणि नेमकी तेव्हाच यंत्रातून ठिणगी उडाली. मेलेल्या बेडकाने टाणकन लाथ झाडली! दुसरा कोणी असता तर सुरी टाकून पळाला असता. हे मात्र वर्षानुवर्षं तेच करत बसले, आणि शेवटी म्हणाले की प्राण्याच्या अंगात स्वतःची वीज असते. लगेच दुसरे एक प्राध्यापक उभे राहिले. ते म्हणाले, छे, वीज बेडकाची नाही, तुम्ही वापरता त्या दोन धातूंची. हे सिद्ध करायच्या नादात त्यांनी दोन धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या, आणि जगातली पहिली बॅटरी तयार झाली. तेव्हा भावोजी, ज्या धंद्यावर तुमचं घर चाललं त्याच्या मुळाशी माझा बेडूक आहे. यापुढे जरा मानाने नाव घ्या.

पुढे कळलं की पहिल्यांचंही बरोबर होतं. नसांमध्ये वीज असतेच. आणखी बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरने सशांच्या आणि माकडांच्या मेंदूवर तारा टेकवून तिथली वीज मोजली. ती इतकी बारीक, की तिने एक चिमुकला आरसा हलवायचा आणि आरशावरून पडलेला उजेड भिंतीवर किती सरकला ते बघायचं. त्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

मग माणसाचा मेंदू. ही गोष्ट मी कॉलेजात नव्या मुलांना नेहमी सांगायचे. एक तरुण सैन्यात असताना घोड्यावरून पडला, तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, ‘बरा आहेस ना?’ लांब गावी असलेल्या त्याच्या बहिणीला एकाएकी वाटलं होतं की भाऊ संकटात आहे. तिनेच वडिलांना तार करायला लावली. माझ्या मनातलं तिच्या मनात कसं पोचलं, या एका प्रश्नापायी तो डॉक्टर झाला. ते कसं पोचतं हे त्याला काही सापडलं नाही. पण शोधता शोधता माणसाच्या डोक्यावरून, बाहेरून, मेंदूची वीज कागदावर उमटवता येते हे सापडलं. स्वतःच्या पोटच्या मुलाच्या डोक्यालाही त्याने तारा लावल्या. डोळे मिटले की संथ, सारख्या लाटा. उघडले की लाटा गायब. पाच वर्षं तपासून बघत बसला, मग कुठे जगाला सांगितलं. म्हणजे तोही तुमच्यासारखा धास्तावणाराच होता.

ती वीज किती म्हणाल, तर टॉर्चमधल्या एका सेलच्या लाखातले तीन-चार भाग. तुमच्या टेस्टरला तिचा वाससुद्धा यायचा नाही.

एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आदल्या दिवशी खारूचं डोकं स्वच्छ धुवा आणि तेलाचा थेंबही लावू नका. तेल असलं की वीज पार होत नाही. आणि त्या दिवशी तिला नेहमीपेक्षा बरंच लवकर उठवा, म्हणजे तिथे तिला झोप लागेल. झोपेतली वीज बघायला मिळाली तर फार बरं.

ताईला माझ्या वाटणीचं रागवा.

तुमची बेडूकबाई


२२ मार्च

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद, आणि पत्र पुरं वाचेपर्यंत मला शिव्या देऊ नकोस.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलं. तुझ्यावर माझा नव्याण्णव टक्के विश्वास बसला. खरंच बसला. राहिलेला एक टक्का अठरा तारखेला पहाटे माझ्याआधी उठला. म्हटलं, धाकटी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मध्यंतरी यंत्रं बदलली असतील. घेणाऱ्या तारेतून चुकून उलटी वीज आली तर? मीटर बिघडतात, धाकटे. मी बिघडलेले मीटर बघितलेत.

मग मला तुझीच ओळ आठवली. ‘तेल असलं की वीज पार होत नाही.’ अगं, हे तर मला तुझ्याआधी ठाऊक! ट्रान्सफॉर्मरच्या पिंपात तेल भरतात ते थंडाव्यासाठी, आणि एका तारेची वीज दुसरीकडे उडू नये म्हणूनही. म्हटलं, घेणारच असतील तर थोड्या तेलाने काय बिघडतंय? आणि देणार असतील तर पोर वाचेल. सूनबाई आवरत होती तेवढ्यात मी खारूच्या डोक्यावर अर्धी बाटली रिकामी केली, मुळापर्यंत चोळलं, घट्ट वेणी घातली आणि वर लोकरीची टोपी चढवली. खारू म्हणाली, ‘आजोबा, आईने नको सांगितलंय.’ मी म्हटलं, ‘आईला विजेतलं काय कळतं?’

तिथे खोली छोटीशी, एक पलंग, कॉम्प्युटरचा एक पडदा, रंगीत तारांचा झुपका. तारा लावणाऱ्या बाईंनी टोपी काढली आणि दोन्ही हात वर धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘हिला तपासायला आणलंय की तळायला?’

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मग खारूची वेणी सोडायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, ‘बाई, आधी त्या तारा मला लावा. मला काही झालं नाही तर पोरीला.’ बाई म्हणाल्या, ‘आजोबा, तुमच्या डोक्यातली खळबळ या पडद्यावर मावायची नाही. तुम्ही आपले त्या खुर्चीवर बसा आणि हात स्वतःच्या मांडीवर ठेवा.’

बाहेर माणसं ताटकळत होती. त्या आम्हाला दुसरी तारीख देऊन घालवू शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. रांगेतल्या एका माणसाला सांगितलं, ‘तुम्ही जरा चहा घेऊन या.’ मग खारूला बेसिनपाशी स्टुलावर उभं केलं, बाह्या सारल्या आणि कोमट पाण्याने तिचं डोकं धुतलं. एकदा, मग पुन्हा, मग बोटांनी केस चाचपून आणखी एकदा. माझ्या पोरीचं डोकं एक परकी बाई इतक्या मायेने धुते आहे, आणि मी तिच्यावरच संशय धरून आलो होतो. मग केस वाळवायचं यंत्र लावलं. लवकर उठवलेली पोर, कोमट पाणी, वर तो ऊबदार वारा. केस वाळेपर्यंत खारू सूनबाईच्या मांडीवर गाढ झोपली.

बाई एकदम कुजबुजायला लागल्या. ‘हलवू नका. इथे येऊन मुलं झोपतच नाहीत हो, तारा बघून रडतात. ही आपणहून झोपली आहे.’ झोपेतच अलगद तारा चिकटवल्या.

आणि धाकटे, मी बघितलं. पडद्यावर रेघाच रेघा, शेतातल्या सऱ्यांसारख्या शेजारी शेजारी, आणि सगळ्या आपापल्या चालणाऱ्या. ना सेल, ना वायंडिंग. माझ्या नातीच्या डोक्यातून येत होत्या, ती झोपेत असताना. मग मध्येच एका बाजूच्या दोन-तीन रेघा दचकल्यासारख्या टोकदार उडायच्या आणि पुन्हा शहाण्यासारख्या चालायच्या. पुन्हा उडायच्या. पण खारू मात्र शांत. पापणीसुद्धा हलली नाही.

मी विचारलं, ‘हे काय?’ बाई म्हणाल्या, ‘डॉक्टर सांगतील. पण जे शोधायचं ते सापडलं. जागेपणी कदाचित दिसलंही नसतं.’ मी त्यांना हात जोडले. त्या म्हणाल्या, ‘हात नका जोडू, पुढच्या वेळी शाम्पू आणा.’

डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार आहेत. तोवर माझ्या जिवाला चैन नाही. त्या उडालेल्या रेघा म्हणजे काय गं? मेंदूत कुठे तार जळाली आहे का? जळली असेल तर पुन्हा भरता येते का?

तुझे मूर्ख भावोजी


२८ मार्च

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो आणि ती गेल्यावर मी एकटीच रडले. मी एक ओळ लिहिली तेल लावू नये म्हणून, आणि तुम्ही तीच वाचून तेल लावलंत! असं करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या बहिणीच्या पदरात पडला.

तार जळालेली नाही. आधी हे वाचा, मग पुढचं. रेघ टोकदार होते म्हणजे तिथल्या पुष्कळ पेशी एकाच वेळी बोलतात. एरवी त्या बाजारासारख्या असतात, जो तो आपलं बोलतो आणि लांबून नुसती गुणगुण ऐकू येते. सगळे एकदम ओरडले तर दचकायला होतं, तसं.

आता मी तुमच्यापासून काय लपवलं ते सांगते. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, झोपेतच होणं, शुद्ध असून बोलता न येणं, हे तुमच्या पहिल्या पत्रात वाचलं तेव्हाच मला एक शंका आली होती. मुलांमध्ये याचा एक प्रकार असतो, मेंदू वाढता वाढता आपोआप जाणारा. मी डॉक्टर नाही. खोटी आशा दाखवायची नव्हती, म्हणून बेडकांच्या गोष्टी सांगत बसले. आता झोपेत रेघा उडाल्या हे ऐकून माझी आशा वाढली आहे. तरी डॉक्टर म्हणतील तेच खरं.

आणि आता तक्रार. काल ताईशी बोलले. तुम्ही म्हणे खुर्ची टाकून खारूच्या उशाशी बसता. ती कुशीवर वळली तरी उठून तिचं तोंड बघता, नाकाशी बोट धरता. ताई म्हणाली, पोर हल्ली झोपायलाच घाबरते, नुसते डोळे मिटून पडते. भावोजी, झोप कमी झाली की हे झटके वाढतात. तुम्ही ज्या गोष्टीची राखण करताय तिलाच बोलावताय. तुमचं प्रेम मला माहीत आहे. पण जरा खुर्ची हलवा.

तुमची बेडूकबाई


१९ एप्रिल

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझी तक्रार वाचून दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. तिसऱ्या दिवशी खारूला विचारलं, ‘मी जवळ बसतो ते तुला आवडत नाही का?’ ती म्हणाली, ‘आवडतं. पण तुम्ही असं बघता की मला वाटतं मी मरणार आहे.’



डॉक्टर भेटले. तुझी शंका खरी निघाली. म्हणाले, ‘आजोबा, हे वयाबरोबर जाणारं आहे. बहुतेक मुलांचं पंधरा-सोळापर्यंत संपतं. आत्ता औषधसुद्धा नको, वारंवार व्हायला लागलं तर बघू.’ झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाठीत मारायचं नाही, थांबेपर्यंत जवळ राहायचं. लांबला तर मात्र दवाखाना. शाळेसाठी कागद दिला. सूनबाई तिथेच रडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाबा, तुमच्या तेलामुळे झोपली हो ती.’ तपासणीनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली, आणि बोलली ते हे. देव अशी सून सगळ्यांना देवो.

सोमवारपासून खारू शाळेत जाते. पहिल्या दिवशी मी बसमागे रिक्षा करून जाणार होतो. तुझ्या ताईने माझे बूट लपवले. संध्याकाळी बस आली, दार उघडलं, खारू उतरेना. मी हाक मारायला तोंड उघडलं. बसमधल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं. खारू झोपली होती. एका कुशीवर, दप्तर डोक्याखाली. तिने आपल्या मैत्रिणींना सगळं समजावून ठेवलं होतं म्हणे, आणि एरवी कान किटवणारी ती पोरं चिडीचूप बसली होती, तिची झोप मोडू नये म्हणून. मागच्या वेळी किंचाळणारीच होती ती सगळी. मी एकेकाला थँक्यू म्हणत सुटलो. एक मुलगा म्हणाला, ‘आजोबा, हळू बोला ना!’

माझं वय झालं. ती पंधरा वर्षांची होईल तेव्हा मी असेन, नसेन. पण हल्ली मला सगळ्यांचे उपकार मोजावेसे वाटतात आणि मोजता येत नाहीत. तो सुरी लागल्यावर न पळालेला प्राध्यापक, त्यांच्याशी भांडणारे दुसरे, उजेडाचा ठिपका बघत बसलेला तो डॉक्टर, त्या घोड्यावरून पडलेल्या माणसाची बहीण. यांतल्या कोणाला माहीत होतं की आपण खारूसाठी खपतोय? आणि तुझे बेडूक. ते बिचारे कोणाला विचारून मेले? त्यांची मी कधीच थट्टा करणार नाही. तारावाल्या बाईंना मी शाम्पूची मोठी बाटली नेऊन दिली. त्या नको नको म्हणाल्या, मग घेतली. म्हणाल्या, ‘तुमच्यासारखे आणखी आजोबा येतील तेव्हा लागेल.’

आज रविवार. दुपारचं जेवून खारू झोपली आहे. खुर्ची मी तिच्या खोलीतून उचलली आणि बाहेर आणून ठेवली. दार ओढून घेतलं. तुझ्या ताईने पाहिलं आणि माझ्यासमोर हे कागद आणि पेन आणून टाकलं. तेव्हापासून लिहितोय. आत काही वाजलं की पेन थांबतं, मग पुन्हा चालतं. दोनदा उठलो, कडीला हात लावला, परत येऊन बसलो. उघडलं नाही, धाकटे. शपथ.

आता लिहायचं संपलं आणि ती अजून झोपलेली आहे. पुढच्या रविवारी दुपारी ती झोपेल तेव्हा मी या दाराबाहेर काय करू? मला वाचायला काहीतरी लागेल. म्हणून तुला विनवतो, उत्तर लवकर धाड, रविवारच्या आत पोचेल असं. आणि लांबलचक लिही.

तुझे भावोजी